वार की तिथी? : मालाड खाडीच्या जलपरीक्षणातील स्वयंसेवकांचे कार्य

गोरेगाव हे समुद्रकाठचे गाव म्हणून कोणी ओळखत नाही. रेल्वेस्थानक, आरे दुग्धवसाहत आणि चित्रनगरी यांच्यामुळे ते सर्वांस परिचित आहे. तथापि येथील पाण्याची वाट पाहिली, तर गोरेगावचा समुद्राशी असलेला संबंध तत्काळ ध्यानात येतो. १९४९ साली स्थापन झालेल्या आरे वसाहतीच्या टेकड्यांत ओशिवरा नदी उगम पावते. गोठे, कारखाने आणि दाट वस्ती यांमधून वाट काढीत ती पश्चिमेस मालाड खाडीला मिळते. वालभट आणि पोईसर या लहान नद्यांचे पाणीही अखेर याच खाडीच्या परिसरात जाते. गोरेगावच्या पश्चिम अंगाला, लिंक रोडच्या पलीकडे, तिवरांचा जो पट्टा दिसतो तो या खाडीचाच काठ होय. पुढे खाडीचे मुख वेसावे आणि मढ या दोन कोळीवाड्यांच्या मधून अरबी समुद्रात उघडते. म्हणजे गोरेगावच्या मोरीत सोडलेले पाणी काही तासांच्या अवधीत वेसाव्याच्या कोळ्यांच्या होड्यांखालून वाहत असते.

या खाडीचे पाणी बिघडले आहे, ही गोष्ट काठावरच्या लोकांना कोणी सांगावी लागत नाही. परंतु ते किती बिघडले, कोणत्या ऋतूत अधिक बिघडते आणि दहा वर्षांपूर्वीच्या मानाने आज सुधारले की खालावले, या प्रश्नांची उत्तरे केवळ अनुभवाने मिळत नाहीत. त्यासाठी मोजणी लागते, आणि ती वर्षानुवर्षे चालावी लागते. शासकीय यंत्रणा ठराविक ठिकाणी ठराविक अंतराने नमुने घेतात. पण खाडीच्या प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक नाल्याच्या मुखाशी त्या पोहोचू शकत नाहीत. ही उणीव प्रशिक्षित स्वयंसेवक भरून काढू शकतील काय, आणि काढावयाची तर कोणत्या रीतीने, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सफाई आणि मोजणी

किनारा-संरक्षणाच्या कामी मुंबईच्या नागरिकांचा उत्साह कमी नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह यांनी वेसाव्याच्या किनाऱ्यावरील कचरा उचलण्यास प्रारंभ केला. आठवड्यामागून आठवडे चाललेल्या त्या कामात पुढे सहस्रावधी लोक सामील झाले, आणि २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांचा गौरव केला. मार्च २०१८ मध्ये याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना आढळली. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातील नागरिक ओहोटीच्या वेळी मुंबईचे खडकाळ किनारे फिरून तेथील प्राण्यांची नोंद करीत आहेत. अन्य देशांतही हाच क्रम दिसतो. अमेरिकेतील टेक्सासच्या किनाऱ्यावर १९८६ साली सुरू झालेल्या सफाईच्या उपक्रमातून पुढे आंतरराष्ट्रीय किनारा-सफाई दिन रूढ झाला. तर त्याच देशातील चेसापीक उपसागराच्या खोऱ्यात १९८५ पासून नागरिकांनी पाण्याचे नियमित परीक्षण हाती घेतले.

सफाई आणि परीक्षण ही दोन्ही कामे एकमेकांस पूरक असली, तरी त्यांचे स्वरूप भिन्न आहे. उचललेला कचरा डोळ्यांना दिसतो आणि दिवसाच्या अखेरीस केलेल्या कामाचे समाधान मिळते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मात्र दिसत नाही. स्वच्छ वाळूवर येणारी निळसर लाट मलजंतूंनी भरलेली असू शकते, आणि गढूळ पाणीही माशांच्या दृष्टीने निकोप असू शकते; कारण खाडीच्या पाण्याचा गढूळपणा पुष्कळदा भरतीच्या जोराने ढवळल्या गेलेल्या गाळाचा असतो. म्हणून पाण्याविषयीचे मत दृष्टीवर सोपविता येत नाही.

काय मोजावे?

भारतात किनारी जलाचे, त्याच्या उपयोगानुसार, पाच वर्ग पाडलेले आहेत. स्नान, जलक्रीडा आणि व्यापारी मासेमारी यांसाठीच्या दुसऱ्या वर्गास पुढील मर्यादा लागू होतात : सामू ६.५ ते ८.५, विद्राव्य प्राणवायू दर लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, अथवा संपृक्त प्रमाणाच्या ५० टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते, २७ अंश सेल्सियस तापमानात तीन दिवसांची जैवरासायनिक प्राणवायू-मागणी दर लिटरला ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावी, आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतूंची संख्या दर १०० मिलिलिटरला १०० च्या आत असावी.

या सर्वांत स्वयंसेवकाच्या आवाक्यातील आणि तरीही अत्यंत अर्थपूर्ण असे परिमाण म्हणजे विद्राव्य प्राणवायू. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्याचे विघटन करताना जीवाणू पाण्यातील प्राणवायू वापरतात; तो हवेतून आणि वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणातून पुन्हा भरून निघतो. खर्च आणि भरपाई यांचा ताळेबंद म्हणजेच प्राणवायूचे प्रमाण होय. उष्ण आणि खाऱ्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळतो. २८ अंश तापमानात गोड्या पाण्यात दर लिटरला सुमारे ७.८ मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.४ मिलिग्रॅम एवढाच तो मावतो. मुंबईच्या खाडीतील माशांच्या वाट्याला येणारी शिल्लक अशी आधीच तुटपुंजी असते.

हे मापन करण्याची रीत हंगेरीतील रसायनशास्त्रज्ञ विंक्लर यांनी १८८८ साली सांगितली, आणि सुधारलेल्या स्वरूपात ती आजही प्रमाण मानली जाते. बुडबुडा न राहू देता भरलेल्या बाटलीत मँगनीज सल्फेट आणि आयोडाइडयुक्त अल्क यांचे द्रावण सोडले की साका तयार होतो. पाण्यात प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो. नसेल तर पांढराच राहतो. त्यानंतर आम्ल घालून मुक्त झालेल्या आयोडीनचे थायोसल्फेटने अनुमापन करतात. २०० मिलिलिटर नमुन्यास ०.०२५ नॉर्मल द्रावणाचा जितका मिलिलिटर खर्च येतो, तितके मिलिग्रॅम प्राणवायू दर लिटरला असतो. साका स्थिर करण्याचे काम नदीकाठीच करावयाचे असते, अनुमापन त्याच दिवशी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करता येते. ज्याने ओहोटीच्या वेळी नाल्याच्या मुखाशी भरलेल्या बाटलीत पांढरा साका एकदा पाहिला, त्याला निर्वात पाणी म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही.

प्राणवायूच्या जोडीने तापमान, सामू, क्षारता आणि पारदर्शकता यांची नोंद करावी. पारदर्शकतेसाठी इटालियन शास्त्रज्ञ सेकी यांनी १८६५ साली वापरात आणलेली पांढरी तबकडी सर्वश्रुत आहे. उथळ खाडीत मात्र ती तळाला टेकते, म्हणून तेथे पारदर्शकता-नळी अधिक सोयीची ठरते.

जंतुपरीक्षेच्या बाबतीत सावधगिरी हवी. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा आणि त्यांचे सहकारी यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेली हायड्रोजन सल्फाइडवर आधारलेली पट्टी-चाचणी पिण्याच्या पाण्यासाठी अतिशय उपयुक्त आणि स्वस्त आहे. बाटलीतील पाणी काळे पडले की ते दूषित समजावयाचे, इतकी ती सोपी आहे. परंतु खाडीच्या चिखलात सल्फाइड निसर्गतःच असते. म्हणून तेथे ही बाटली काळी पडली, तरी त्यावरून मलदूषण सिद्ध होत नाही. तसेच ऊन आणि क्षार यांच्यामुळे कोलिफॉर्म जंतू समुद्राच्या पाण्यात लवकर मरतात, एन्टेरोकोकाय जातीचे जंतू तुलनेने अधिक काळ टिकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या मार्गदर्शिकेत किनारी स्नानजलासाठी याच जंतूंचा आधार घेतला, त्याचे कारण हेच. हे काम प्रयोगशाळेवर सोपवावे आणि स्वयंसेवकांनी निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून, नमुना वेळेवर पोहोचविण्याची जबाबदारी घ्यावी, हे श्रेयस्कर.

रविवारचा दोष

आतापर्यंत सांगितलेली उपकरणे आणि रीती पाठ्यपुस्तकांत सापडतात. स्वयंसेवी परीक्षणाचे खरे यशापयश मात्र एका निराळ्याच गोष्टीवर अवलंबून असते, आणि ती म्हणजे नमुना घेण्याची वेळ.

नोकरी-शिक्षण सांभाळून काम करणाऱ्या स्वयंसेवकांना सोयीचा दिवस रविवार आणि सोयीची वेळ सकाळची. दर रविवारी सकाळी सात वाजता एका ठरलेल्या जागी नमुना घ्यावयाचा, ही योजना वरवर पाहता अत्यंत शिस्तीची वाटते. भरती-ओहोटीच्या खाडीत मात्र ती फसवी आहे.

एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सरासरी १२ तास २५ मिनिटे लागतात. त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. सात दिवसांत हा फरक सुमारे ५ तास ५३ मिनिटांचा होतो. भरती आणि त्यानंतरची ओहोटी यांतील अंतर सरासरी ६ तास १२ मिनिटांचे असते. अर्थात या रविवारी सातला पूर्ण भरती असेल, तर पुढच्या रविवारी सातला जवळजवळ पूर्ण ओहोटी असणार. भरतीच्या वेळी खाडीत समुद्राचे पाणी शिरलेले असते. ओहोटीच्या वेळी मुख्यतः नदी-नाल्यांतून उतरलेले पाणी उरते. केवळ उदाहरणादाखल असे समजू की, एका जागी भरतीला प्राणवायू ४ आणि ओहोटीला १ मिलिग्रॅम असतो. दर रविवारच्या नोंदींचा आलेख ४, १, ४, १ असा करवतीच्या दात्यांसारखा दिसेल. पाण्याची प्रत मुळीच बदललेली नसताना निरीक्षकास ती दर आठवड्यास सुधारल्याचा आणि बिघडल्याचा भास होईल.

पंधरा दिवसांआड, म्हणजे एक रविवार सोडून नमुना घेतला, तर हे दाते नाहीसे होतात. पण त्यांच्या जागी अधिक धोक्याचा दोष येतो. १४ दिवसांत भरतीची वेळ ११ तास ४६ मिनिटांनी पुढे जाते. ही सरक एका पूर्ण आवर्तनापेक्षा केवळ ३९ मिनिटांनी कमी आहे. म्हणून दर खेपेस नमुना भरतीच्या संदर्भात ३९ मिनिटांनी उशिराचा ठरतो. पहिला नमुना पूर्ण भरतीचा असेल, तर सुमारे साडेचार महिन्यांनी तोच नमुना पूर्ण ओहोटीचा होतो, आणि सुमारे नऊ महिन्यांनी पुन्हा भरतीचा. नोव्हेंबरात प्रारंभ करणाऱ्या गटास मार्चअखेरपर्यंत खाडी सतत बिघडत चालल्याचे आढळेल. आणि त्यानंतर पावसाळा उतरता उतरता ती आपोआप सुधारल्याचे दिसेल. या चढउतारावरून कोणी एखाद्या कारखान्यास दोषी ठरवील, तर कोणी एखाद्या योजनेस श्रेय देईल. प्रत्यक्षात तो चंद्राच्या गतीचा परिणाम असेल.

तिथीचा आधार

यावर उपाय कोकणच्या किनाऱ्यावर फार प्राचीन काळापासून व्यवहारात आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या आणि पौर्णिमा या दिवशी भरती साधारणतः दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते. अष्टमीस ती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. यावरून तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता भरतीचा तास मिळतो, असा स्थूल नियम दर्यावर्दी लोक वापरीत आले. द्वितीयेस दीड वाजता, चतुर्थीस तीन वाजता, दशमीस साडेसात वाजता, याप्रमाणे. उधाण आणि भांग यांचे चक्रही तिथीशीच बांधलेले आहे : अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाणाचा जोर सर्वाधिक असतो, आणि अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी मंद असते.

म्हणून नमुन्याचा दिवस वारावरून न ठरविता तिथीवरून ठरविला, तर एकाच निर्णयाने तीन गोष्टी साधतात. शुक्ल आणि कृष्ण पक्षांतील द्वितीया घेतली, तर भरती दीडच्या सुमारास आणि सकाळची ओहोटी साडेसातच्या सुमारास येते. म्हणजे ओहोटीची अवस्था प्रत्येक खेपेस तीच राहते. उधाणाचा जोर जवळजवळ तोच राहतो. आणि घड्याळाची वेळही तीच राहते. ही तिसरी गोष्ट कमी महत्त्वाची नव्हे. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबलेले असते आणि श्वसन चालू असते, त्यामुळे प्राणवायू पहाटे नीचांकास आणि दुपारनंतर उच्चांकास जातो. सकाळच्या ओहोटीचा नमुना पाण्याची सर्वांत कठीण घटका दाखवितो, आणि माशांचे जीवन याच घटकेवर अवलंबून असते. एका वर्षात अशा सुमारे २५ खेपा होतात. एका लहान गटास एवढे काम झेपण्यासारखे आहे.

अर्थात पाऊणपटीचा नियम स्थूल आहे. तिथीचा क्षय किंवा वृद्धी होते, दिवसातील दोन भरत्या समान उंचीच्या नसतात, आणि खाडीच्या आतील भागात ओहोटी मुखापेक्षा उशिरा पूर्ण होते. म्हणून दिवस तिथीवरून निवडावा, परंतु वेळ प्रसिद्ध भरती-कोष्टकावरून निश्चित करावी आणि त्या जागेचा विलंब पहिल्या महिन्यातच खुणेच्या काठीने मोजून ठेवावा.

ज्यांना रविवारवाचून गत्यंतर नाही, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग क्षारतेचा आहे. खुल्या समुद्राची क्षारता दर सहस्रास सुमारे ३५ असते आणि सांडपाण्याची अत्यल्प. नमुन्याची क्षारता नोंदली, तर त्यात समुद्राच्या पाण्याचा वाटा किती हे कळते, आणि समान क्षारतेचेच नमुने एकमेकांशी ताडून पाहता येतात. पावसाळ्यात मात्र पावसाचे पाणीही क्षारता घटविते. तेव्हा सांडपाणी आणि पाऊस यांतील भेद या मापनाने होत नाही.

नोंदवहीचे मोल

वेळेइतकेच महत्त्व नोंदीस आहे. दुर्गंधी सुटली म्हणून धावत जाऊन घेतलेला नमुना तक्रारीस उपयोगी पडेल, पण तो नियमित मालिकेत मिसळता कामा नये. कारण अशा नमुन्यांनी सरासरी नेहमीच वाईटाकडे झुकते. याउलट, मुसळधार पावसामुळे चुकलेली खेप कोरी न सोडता ‘नमुना घेतला नाही’ असे लिहून कारण द्यावे. दर खेपेस एका जागी दोन बाटल्या भराव्यात, म्हणजे हाताच्या चुकीचा अंदाज येतो. वर्षातून काही नमुने अन्य प्रयोगशाळेकडे पाठवून तुलना करावी. वेसाव्यास केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आणि अंधेरीस राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे प्रादेशिक केंद्र असल्यामुळे या परिसरात मार्गदर्शनाची वाण पडण्याचे कारण नाही. गोरेगावातच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्ग शिक्षण केंद्र आहे. त्याचप्रमाणे हातमोजे वापरणे, भरतीच्या वेळी चिखलात न उतरणे आणि वापरलेली रसायने खाडीत न ओतता परत आणणे, हे नियम कटाक्षाने पाळले पाहिजेत.

या नोंदींचे कायद्यातील स्थानही स्पष्ट असावे. महाराष्ट्राने जलप्रदूषण-प्रतिबंधाचा कायदा १९६९ साली, म्हणजे केंद्रीय कायद्याच्या पाच वर्षे आधी केला आणि १९७० साली मंडळ स्थापिले. १९७४ च्या केंद्रीय कायद्यानुसार खटल्यात पुरावा म्हणून चालणारा सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने, संबंधितास सूचना देऊन आणि विहित पद्धतीने मोहोरबंद करून घ्यावा लागतो. स्वयंसेवकाची बाटली या कसोटीस उतरत नाही. परंतु १९८८ च्या दुरुस्तीने साठ दिवसांची पूर्वसूचना देऊन न्यायालयाकडे तक्रार नेण्याची वाट सामान्य नागरिकासही मोकळी केली. आणि कोणत्या जागी, कोणत्या अवस्थेत अधिकृत नमुना घेतला पाहिजे हे दाखविण्यास नियमित नोंदवहीसारखे साधन नाही.

आजच का?

मालाड खाडीच्या बाबतीत या कामास विशेष निकड आहे. मुंबईच्या मलनिःसारणाचे सात विभाग असून त्यांपैकी मालाड विभागाचे सांडपाणी दीर्घकाळ केवळ प्राथमिक स्वरूपाच्या प्रक्रियेनंतर खाडीत सोडले जात आले आहे. १९ जानेवारी २०२३ रोजी शहरातील सात नव्या मलशुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी झाली. त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला २,४०० दशलक्ष लिटरांहून अधिक असून मालाड आणि वेसावे यांचा त्यांत समावेश आहे. एवढ्या प्रचंड खर्चाची फलश्रुती खाडीत कितपत उतरली, हा प्रश्न पुढे निश्चितच विचारला जाईल. त्याचे उत्तर ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्या तुलनेतूनच मिळू शकते. आणि ‘नंतर’चे मापन केव्हाही करता येत असले, तरी ‘आधी’चे मापन आधीच करावे लागते. शिवाय केंद्रांत न पोहोचता थेट नाल्यांतून ओशिवऱ्यात उतरणारे पाणी वेगळे ओळखावयाचे, तर नदीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या टप्प्यांवर स्वतंत्र नोंदी असणे अगत्याचे आहे.

या प्रश्नात सर्वांत अधिक गुंतलेला आहे तो वेसावे-मढचा मच्छीमार. खाडीत पूर्वी मिळणारी मासळी आता मिळत नाही असे तो सांगतो, तेव्हा त्याचे म्हणणे आठवण म्हणून ऐकले जाते, प्रमाण म्हणून नव्हे. ज्या तिथीच्या गणिताने तो होडी लोटतो, त्याच गणिताने काठावर दर द्वितीयेस एक बाटली भरली गेली आणि तिचा आकडा वहीत उतरला, तर पाच वर्षांनी त्याच्या साक्षीस आधार देणारी सव्वाशे नोंदींची मालिका उभी राहील. गोरेगाव परिसरातील महाविद्यालयांच्या रसायन आणि प्राणिशास्त्र विभागांना हे काम एकेका पदव्युत्तर तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे सोपविता येईल. त्यासाठी मोठे अनुदान लागत नाही; एक बाटल्यांची पेटी, एक भरती-कोष्टक, एक पंचांग आणि पानांवर क्रमांक घातलेली एक वही एवढे साहित्य प्रारंभास पुरेसे आहे.